किल्ल्याचा रस्ता आम्हाला सफारी म्हणून विकला गेला

फेब्रुवारीत आम्ही नाशिकचे सहा जण राजस्थानातल्या रणथंभोर व्याघ्र प्रकल्पात जाऊन आलो. वाघ दिसला नाही म्हणून ही तक्रार नाही, कारण तो नशिबाचा भाग असतो. ज्या रस्त्याने तिथल्या किल्ल्यातल्या गणपतीला जाणारा कोणताही भाविक सफारीच्या परवान्याशिवाय जातो, त्याच रस्त्यासाठी आमच्याकडून 21,000 रुपये घेतले गेले, हे सांगायचे आहे.

गंगापूर रोडवरील एका मध्यस्थाने जंगलातल्या सफारीच्या झोन 3 मधील जिप्सीचे (उघड्या जीपचे) आश्वासन देऊन पद्म तलावाचे आणि काठावरच्या जोगी महालाचे असे काही वर्णन केले, की आम्ही त्याच बैठकीत सगळी रक्कम त्याच्या खासगी क्यूआर कोडवर भरली. परवाना म्हणून जी पीडीएफ आली, तिच्यावरची राजमुद्रा पुसट होती आणि नावांच्या रकान्यात केवळ ‘नाशिक ग्रुप, 6 व्यक्ती’ असे लिहिलेले होते. खऱ्या परवान्यावर प्रवाशांची नावे असतात. आरक्षण करतानाच ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि प्रवेशाच्या वेळी मूळ ओळखपत्र तपासले जाते. आमचे आधार क्रमांक कोणी मागितलेच नव्हते. पत्नीने याबद्दल विचारले, तेव्हा “ते आमचा तिकडचा माणूस बघतो, ताई,” असे उत्तर मिळाले आणि मी तिलाच गप्प केले.

सवाई माधोपूरला पहाटे जिप्सी आली. तिच्यात वनखात्याचा गाइड नव्हता. झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर मोर, सांबर आणि वानरांची टोळी दिसल्याने आम्ही खुशीत होतो. खरी सफारी तीन-साडेतीन तासांची असते, आमची गाडी मात्र तासाभरातच किल्ल्याच्या पायथ्याशी थांबली आणि चालक म्हणाला, “सफारी पूरी हो गई, अब किला देखिए.” तेवढ्यात मागून एक शेअर जीप आली आणि तिच्यातून त्रिनेत्र गणेशाला निघालेली दहा-बारा माणसे दूर्वा-लाडू घेऊन उतरली. तीही आमच्याच रस्त्याने आली होती, माणशी साधे भाडे देऊन.

अलाउद्दीन खिलजीने 1301 मध्ये हम्मीरदेव चौहानाकडून घेतलेला हा किल्ला 2013 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तो सावकाश पाहावा असाच आहे. आमचे मात्र लक्ष लागेना. तटावरून खाली पद्म तलाव दिसत होता, जोगी महालही दिसत होता, आणि तलावाकाठी तीन जिप्सी उभ्या होत्या.

नाशिकला परतल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. मध्यस्थाला जाब विचारला, तर त्याने शांतपणे आमचीच पावती पुढे केली. तिच्यावर ‘जंगल दर्शन व किल्ला’ असे लिहिले होते. ‘सफारी’ हा शब्द कुठेच नव्हता.