१९६६ च्या मस्टँगसाठी घेतलेला डिस्क-ब्रेकचा संच: वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या १९६६ सालच्या फोर्ड मस्टँगला पुढच्या चाकांवर ड्रमऐवजी डिस्क-ब्रेक बसवण्यासाठी मी जो तयार संच टपालाने मागवला, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. संचाची किंमत ८५० डॉलर होती आणि वजनामुळे पोचवण्याचा खर्च वेगळा पडला. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या निम्म्या आमच्याच चुकांतून निघालेल्या आहेत आणि त्यांचे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणे बरे नव्हे. जाहिरातीत ‘एका शनिवार-रविवारात बसतो’ असे म्हटले होते. मला आणि माझ्या मित्राला चार शनिवार लागले.

गाडी मिशिगनमध्ये माझ्या घराच्या गॅरेजात गेली दोन वर्षे उभी होती. तिच्या चेसिस-क्रमांकाची सुरुवात ६, एफ, ०७, सी अशी होते. म्हणजे १९६६ चे मॉडेल, डिअरबॉर्नचा कारखाना, दोन दारांची हार्डटॉप आणि दोन-बॅरल कार्ब्युरेटरचे २८९ घनइंचांचे, सुमारे ४.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. या इंजिनाची कारखान्याने सांगितलेली ताकद २०० अश्वशक्ती होती, आणि ती थोपवायला चारही चाकांना दहा-दहा इंचांचे ड्रम. पुढच्या डिस्क तेव्हाही मिळत, पण जास्तीचे पैसे मोजणाऱ्यालाच. १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांहून अधिक मस्टँग तयार झाल्या, त्यामुळे आज साठ वर्षांनीही तिचा दरवाजाच्या रबरापासून ब्रेकच्या नळीपर्यंत बहुतेक प्रत्येक भाग नवा करकरीत मिळतो. त्या काळातल्या दुसऱ्या एखाद्या गाडीसाठी असा संच शोधत बसावे लागले असते.

या कामातला माझा मित्र मूळचा कोल्हापूरचा. त्याच्या वडिलांचा उद्यमनगरात लेथ होता, आणि नट नुसता बोटांत फिरवून त्याचे आटे कसे आहेत हे सांगण्याची विद्या त्याने तिथूनच आणली आहे. माझी बाजू त्या मानाने अगदीच कागदी. माझे वडील मुंबईत वाढले. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्या त्यांनी रस्त्यावर पाहिलेल्या, आणि त्यांच्या गोष्टी सांगून सांगून त्यांनी हे वेड माझ्या डोक्यात भरले.

संचात पुढचे दोन्ही स्पिंडल (चाक ज्यावर फिरते ते दांडे), दोन डिस्क, दोन कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे भाग), पॅड, बेअरिंगा आणि त्यांची सीले, रबरी नळ्या, दोन खणांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आणि मागच्या ब्रेककडे जाणारा दाब कमी करणारा झडपेचा ठोकळा एवढे सामान होते. खोके उघडल्यावर कोणाचीही नजर आधी चकाकत्या डिस्कवर जाते, आमचीही गेली. पण काम संपल्यावर माझे मत असे झाले आहे की या संचातली सर्वांत मोलाची वस्तू तो मास्टर सिलिंडर आहे. १९६६ च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडरला एकच खण असतो आणि चारही चाकांचे ब्रेक ऑइल त्यातूनच जाते. याचा अर्थ असा की मागच्या एखाद्या चाकाजवळची नळी फुटली तरी पेडल थेट जमिनीला टेकते आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ च्या मॉडेलपासून फोर्डने दोन खणांचा सिलिंडर दिला. त्यात पुढची जोडी निकामी झाली तरी मागची काम देते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या पोलादी नळ्या आतून-बाहेरून गंजतात, हे लक्षात घेतले म्हणजे एकखणी सिलिंडरवर गाडी चालवणे किती धाडसाचे आहे ते कळते. आम्ही जुनी नळी काढताना ती हातातच मोडली.

वस्तूंच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. ओतकाम स्वच्छ होते, स्पिंडलवर बेअरिंग हाताने सरकून नेमके बसले, आणि मित्राने डिस्क फिरवून डगमग मोजणारी डायल लावून पाहिली तेव्हा तिच्यात डोळ्यांत भरण्यासारखा डगमग नव्हता. बेअरिंगांत ग्रीस मात्र आपणच भरायचे असते. ते तळहातावर घेऊन बेअरिंगच्या कडेने दाबत आतपर्यंत पोचवावे लागते, आणि हे काम चिकट असले तरी मला त्यात आनंद वाटतो.

जुने ड्रम उतरवताना एक खबरदारी घ्यावी. त्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टॉस असे, म्हणून ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये. आम्ही ती ओल्या फडक्याने पुसली आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. संचासोबतच्या कागदावर याचा उल्लेखही नव्हता. तो कागद म्हणजे झेरॉक्सवरून काढलेला झेरॉक्स असावा, कारण त्यातल्या छायाचित्रांत काळ्या डागांपलीकडे काही दिसत नव्हते. याचा फटका आम्हाला पुढे बसला.

पोलादी नळ्या संचात येत नाहीत, हे आधी माहीत असते तर पहिला शनिवार वाया गेला नसता. नवी नळी वाकवून तिच्या टोकाला ४५ अंशांची दुहेरी घडी घालावी लागते. साध्या एकेरी घडीचे टोक ब्रेकच्या दाबाखाली तडकू शकते. घडी घालायचे हत्यार आम्ही सुट्या भागांच्या एका साखळी दुकानातून अनामत रक्कम ठेवून आणले, आणि परत केल्यावर ती रक्कम पूर्ण मिळाली. अमेरिकेतल्या अशा दुकानांची ही सोय घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला वरदानच आहे. मित्राची पहिली तीन टोके बिघडली. चौथे जमल्यावर त्याने ते आरतीच्या ताम्हणासारखे दोन्ही हातांत धरून मला दाखवले.

मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी वाइसमध्ये धरून त्यातली हवा काढून घ्यावी लागते. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या पुन्हा वरच्या खणांत सोडायच्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत दट्ट्या सावकाश आत दाबायचा. हे टाळले तर पुढे दिवस जातो. सिलिंडरचे दोन बोल्ट सोपे आहेत. अवघड आहे ती पेडलला जोडणारी दांडी, कारण ती आणि ब्रेकच्या दिव्याचे बटण एकाच खुंटीवर असतात आणि तिथे पोचायला डॅशबोर्डखाली पाठीवर, डोके पेडलांकडे आणि पाय दरवाजाबाहेर, असे निजावे लागते. एक बारीक वॉशर छातीवर पडून कॉलरमध्ये शिरला आणि तो शोधण्यात अर्धा तास गेला. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग फुगून निघतो, म्हणून फेंडरवर जाड कापड आणि हाताशी पाण्याची बाटली ठेवावी.

यानंतर हवा काढण्याचे काम, आणि मित्राशिवाय जमले नसते असे काम ते हेच. मी गाडीखाली, तो पेडलवर. एकाने पेडल दाबून धरायचे, खालच्याने निपल, म्हणजे चाकाजवळचे हवा काढायचे छोटे तोंड, पाव फेरा सैल करून ऑइल जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायचे, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या उजव्या चाकापासून. “दाब.” “दाबलं.” “धरून ठेव.” “धरलंय, धरलंय.” “सोड आता.” गॅरेजात तासन्‌तास एवढेच संभाषण चालले होते. मागची चाके झाली. पुढे मात्र ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या तरी पेडल कापसाच्या गादीवर पाय ठेवल्यासारखे लागत होते. आम्ही एकेक जोड तपासला, गळती कुठे नव्हती. मी मास्टर सिलिंडरलाच दोष देऊन विक्रेत्याला कडक शब्दांत पत्र लिहायच्या बेतात होतो.

मग आम्ही जागा बदलल्या. मित्र खाली गेला, टॉर्च लावून बराच वेळ गप्प पडून राहिला आणि म्हणाला, “भावा, निपल खालच्या अंगाला हाय. हवा वरच राहणार की!” डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट दोन्हीकडे सारखेच बसतात, त्यामुळे बसवताना काहीच अडत नाही. पण उलटा बसलेला कॅलिपर पाण्यात पालथा बुडवलेल्या तांब्यासारखा होतो, वर साठलेली हवा कितीही पेडल मारले तरी निघत नाही. आधी कोणता कोणत्या बाजूचा हे ठरवणे आमचे काम होते, हे खरे. तरीही कॅलिपरवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशी साधी चिठ्ठी लावायला विक्रेत्याला काय खर्च आला असता? अदलाबदल केल्यावर पंधरा मिनिटांत पेडल दगडासारखे घट्ट झाले.

माझी खरी तक्रार चाकांची आहे. गाडीची मूळची चौदा इंची पोलादी चाके ड्रमसाठी केलेली होती. ती नव्या कॅलिपरवर चढवून फिरवली तेव्हा खर्र असा आवाज आला आणि कॅलिपरच्या पाठीवरचा रंग निघाला. मूळची चाके बसणार नाहीत ही सूचना विक्रेत्याच्या पानावर होती, पण अगदी तळाशी, परत पाठवण्याच्या नियमांच्याही खाली. दूरध्वनीवर चाळीस मिनिटे ताटकळल्यावर जी व्यक्ती बोलली ती सौजन्याने बोलली, परंतु बसवलेला संच परत घेता येणार नाही, यापलीकडे तिच्याकडे काही नव्हते. चाके शेवटी दुसरीकडून घेतली आणि ४०० डॉलर अधिक गेले. काही विक्रेते चाकात धरून पाहायला पुठ्ठ्यावर कापण्याचा नमुना देतात. संच मागवण्याआधी तो मागून घ्यावा, आणि देत नसतील तर दुसरे दुकान पाहावे.

रस्त्यावर नेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे पेडल पूर्वीपेक्षा जड लागते. हा दोष नव्हे. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीनेच शू, म्हणजे लायनर बसवलेला आतला भाग, आणखी आवळला जातो आणि पायाला मदत मिळते. डिस्कमध्ये ती मदत नसते, आणि आमच्या संचात पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा बूस्टर नाही. त्या बदल्यात गाडी आता एका बाजूला ओढत नाही, आणि पावसात पाण्यातून गेल्यावरही ब्रेक लगेच पकडतात. मागच्या दाबाची झडप आम्ही रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये जुळवली. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी अडकू नयेत इतका दाब कमी करत नेला. साडेतीन फेऱ्यांवर जमले.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा त्या झेरॉक्सच्या कागदापायी गेला आणि एक चाकांच्या लपवलेल्या सूचनेपायी. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी डिस्क राहू द्याव्यात, पण दोन खणांचा मास्टर सिलिंडर आणि नव्या नळ्या तेवढ्या आधी बसवाव्यात. सिलिंडर मात्र ड्रमसाठीचाच घ्यावा, कारण डिस्कचा आतून वेगळा असतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही गाडी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर नेली. १९९५ पासून तिथे बहुतेक दर वर्षी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, आणि गर्दी एवढी की गाडी चालण्यापेक्षा थांबतेच अधिक. प्रत्येक थांब्याला शेजारी बसलेला मित्र मोकळ्या जमिनीवर उजवा पाय दाबत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, “सवय लागलीय. तू दाब म्हणायच्या आधीच पाय जातोय.”