टोकाच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड की लूप डिटेक्शन?

टेबलाखालच्या साध्या पाच पोर्टच्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं खुपसली जातात आणि अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बसतं. हाच लूप. इथरनेट फ्रेमला (डेटाच्या तुकड्याला) टीटीएल, म्हणजे ती किती टप्प्यांनी संपवायची याचा आकडा, नसतो, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेली फ्रेम) फिरतच राहतं.

एसटीपी ही स्विचची लूप टाळण्याची पद्धत, आणि बीपीडीयू हे त्यासाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश. टोकाच्या, म्हणजे वापरणाऱ्यांची यंत्रं जोडायच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावला आणि तिथे एक बीपीडीयू आला, की पोर्ट लगेच बंद. कुणी परस्पर एसटीपीवाला स्विच जोडला तर हाच पहारा उत्तम. पण काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, मग खाली लूप असूनही गार्डला पत्ता लागत नाही.

लूप डिटेक्शन स्वतःची वेगळी फ्रेम सोडतं. तीच परत आली की पोर्ट पाडतं. ही फ्रेम सहसा साध्या स्विचमधूनही पार होते. टेबलाखाली असे स्विच असतील तर आधी हेच लावा. दोन्ही असतील तर फारच छान. अपलिंकवर (मुख्य स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) मात्र बीपीडीयू गार्ड नकोच.

सिस्कोवर गार्डने पाडलेला पोर्ट 'एर-डिसेबल्ड' (चूक आढळल्याने बंद) दिसतो. ऑटो रिकव्हरी (पोर्ट आपोआप पुन्हा चालू होणं) मुळात बंद असते. चालू केल्यास 300 सेकंदांनी पोर्ट उठतो, पण बिघाड तसाच असेल तर पुन्हा पडतो. म्हणून आधी केबल काढा, मगच पोर्टवर 'शटडाउन', 'नो शटडाउन' या कमांड द्या.