यूकेएचएसएचा नोरोव्हायरस रिपोर्ट: दोन हिवाळे नेमाने वाचल्यावर

इकडे इंग्लंडमध्ये थंडी पडली की नर्सरीतून फोन येणारच, मुलाला उलटी झालीय, घेऊन जा. एका हिवाळ्यात आमच्याकडे आधी लेक, मग मी, मग नवरा असे ओळीने पडलो, घरात बादली आणि ओआरएस सोडून दुसरं काही सुचत नव्हतं, तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं की अगं यूकेएचएसए, म्हणजे इथली सरकारी आरोग्य सुरक्षा संस्था, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस या विषाणूंचा रिपोर्ट काढते, फुकट आहे, वाचत जा. तेव्हापासून थंडीत तो आला की बघतेच.

लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या केसेस आठवड्याप्रमाणे, सोबत मागच्या 5 सीझनची सरासरी, वयोगट, हॉस्पिटलांनी कळवलेले आउटब्रेक असं सगळं असतं. शिवाय कुठला जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा कुठला उपप्रकार, फिरतोय तेही. हे जीनोटाइपचं मला आधी बिनकामाचं वाटायचं, पण 2024-25 मध्ये वर्षानुवर्षं पुढे असलेल्या जीआयआय.4 ला जीआयआय.17 ने मागे टाकलं आणि त्याच सीझनला केसेस प्रचंड वाढल्या, तेव्हा कळलं हे का बघतात. टेस्टिंगच्या बदललेल्या पद्धतींमुळेही आकडा वाढला असेल हे त्यांनी स्वतःच सांगितलं, ते मला फार आवडलं.

फक्त वाचताना एक लक्षात ठेवा, हा आकडा म्हणजे आजारी माणसांचा आकडा नाही. उलट्या-जुलाब झाले म्हणून लॅबमध्ये सॅम्पल देतं कोण? इथल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं होतं की नोंद झालेल्या 1 केसमागे समाजात साधारण 288 असतात. म्हणून ग्राफची रेघ वर चाललीय की खाली एवढंच बघायचं, आणि शेवटचा आठवडा तर धरायचाच नाही, कारण रिपोर्ट उशिरा येत राहतात. मी एकदा रेघ उतरलेली बघून निश्चिंत झाले आणि पुढच्या रिपोर्टात तोच आठवडा चांगला वर गेलेला.

रोटाव्हायरसचा भाग लहान असतो पण बघाच. इथे जुलै 2013 पासून बाळांना 8 आणि 12 आठवड्यांना लसीचे थेंब देतात, त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की लस काय करते ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तक्रार एकच, भाषा डॉक्टरांसाठीची आहे. घरच्यांना हवं ते वेगळं शोधावं लागतं, की हॅन्ड जेल यावर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं, आणि उलट्या-जुलाब थांबल्यावर पुढचे 48 तास घरीच राहायचं.

माझ्याकडून 5 पैकी 4. आकड्यांत 65 च्या वरचे लोक खूप दिसतात म्हणून सासूबाईंचं जानेवारीचं तिकीट बदलून आम्ही मे महिन्याचं केलंय.