वनलुकवर जुन्या इंग्रजी शब्दांचा शोध: ‘राइट’, ‘स्टर’ आणि आपला ‘नीस’

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावं कुणाला नवी नाहीत. शेवटचा ‘नीस’ म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. दफ्तर गेलं, हुद्दा गेला, आडनाव उरलं. इंग्रजीत वेनराइट, आर्कराइट, वेब्स्टर, बॅक्स्टर या आडनावांचं हेच झालं. इथल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना किंवा शब्दकोड्यांच्या शौकिनांना असे एका शेपटाचे जुने शब्द जमवायचे असतील, तर वनलुक ही फुकट वेबसाइट फार कामाची आहे. मात्र ती शब्द फक्त जमवून देते, निवडावे आपणच लागतात.

वापर सोपा आहे. स्टारचं चिन्ह म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक अक्षर. स्टार टाकून पुढे डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी लिहिलं की त्या शेपटाचे सगळे शब्द येतात. यादी लांबली तर स्टार काढून चार प्रश्नचिन्हं टाका: कार्टराइट, वेनराइट, शिपराइट, मिलराइट, प्लेराइट उरतात. तीन टाकली की आर्कराइट, म्हणजे पेट्या बनवणारा. शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं देऊन एखादा अर्थ लिहिला, उदाहरणार्थ गाडी या अर्थाचा ‘वॅगन’, तर अर्थाचीही चाळणी लागते. ही सोय छापील कोशात मिळणार नाही.

सुरुवातीचा डब्ल्यू गाळू नका. गाळलात तर ब्राइट, फ्राइट, अपराइट असा कचरा येतो. या ‘राइट’चा लिहिण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो कारागीर होता, ‘वर्क’च्या कुळातला. प्लेराइट म्हणजे नाटक घडवणारा, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये लिहिण्याचा ‘राइट’ घातला की चूक.

खरी अडचण ‘स्टर’ला येते. हा प्रत्यय मुळात स्त्रीवाचक: वेब्स्टर विणणारी, ब्रूस्टर बिअर बनवणारी, स्पिन्स्टर सूत कातणारी. वनलुकला प्रत्यय कळत नाही, फक्त अक्षरं कळतात. त्यामुळे मॉन्स्टर, सिस्टर, ऑइस्टर, मिनिस्टर सगळे एकाच टोपलीत पडतात. त्याहून वाईट म्हणजे भाजणारी बॅक्स्टर या यादीत येतच नाही, कारण तिथे ‘के’ आणि ‘एस’ मिळून एक्स झाला आहे. ती हवी तर एक्स-टी-ई-आर असा वेगळा शोध घ्यायचा. कोणताही जुना प्रत्यय शोधताना त्याची बदललेली स्पेलिंगं आधी कागदावर लिहून काढा, मगच साइट उघडा. नाहीतर अर्धी यादी हातून जाते आणि गेली हे कळतही नाही.

शब्द कालबाह्य आहे की चालू, हे निकालांच्या यादीवरून खात्रीने कळत नाही. विशेषनामं आणि जोडशब्दही त्यात मिसळलेले असतात. शब्दावर क्लिक केलं की तो कोणकोणत्या कोशांत आहे ते दिसतं, पण पडताळणी स्वतंत्रच करावी लागते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात कालबाह्य शब्दाआधी कट्यारीची खूण (†) असते, पण त्याची ऑनलाइन वर्गणी विद्यार्थ्याला जड जाते. त्यापेक्षा जुनी पुस्तकं फुकट देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवरून वेब्स्टरच्या जुन्या अनअब्रिज्ड, म्हणजे असंक्षिप्त, कोशाची टेक्स्ट फाइल उतरवून घ्या. तिच्यात मुख्य शब्द कॅपिटलमध्ये असतात आणि कालबाह्य अर्थापुढे चौकटी कंसात ‘ऑब्स’ (ऑब्सोलीट, म्हणजे कालबाह्य, याचं लघुरूप) असतं. फाइल बरीच मोठी आहे. मोबाइलवर ती अडकते, संगणकावरच उघडावी, आणि शोधताना कॅपिटल-स्मॉलचा फरक पाळणारी सेटिंग चालू ठेवावी.

ती खूण अर्थाला असते, शब्दाला नव्हे. स्पिन्स्टरची नोंदच पाहा. कातणारी बाई या पहिल्या अर्थाला खूण नाही, कातणारा पुरुष या दुसऱ्याला आहे, अविवाहित स्त्री या कायद्यातल्या तिसऱ्याला पुन्हा नाही. नुसतं ‘ऑब्स’ दिसलं म्हणून अख्खा शब्द मेलेल्यांच्या यादीत टाकला तर यादी चुकलीच. सगळ्या अर्थांना खूण असेल तरच शब्द घ्यावा. वीस शब्दांची यादी अशी तपासायला सहज एक संध्याकाळ जाते, आणि ती द्यावी.