धडगावचं वनहक्क मदत केंद्र: वैयक्तिक दाव्याला पक्कं, सामूहिकात कच्चं

वनहक्क कायद्याखाली केलेला वनजमिनीचा दावा फेटाळला गेलाय, किंवा कसतो त्याहून कमी क्षेत्राचा पट्टा (हक्काचा कागद) निघालाय, अशांनी बाजाराच्या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या, वकिलांच्या या केंद्रात जरूर जावं. फी नाही. (अनुसूचित जमातीच्या माणसाला 1987 च्या विधी सेवा कायद्यानेही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी 15100 वर फोन करावा.)

इथे आधी पुरावे जुळवतात, अर्ज नंतर. कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा दाखवावा लागतो आणि एका कागदावर भागत नाही. वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या लोक चुलीत घालतात. त्याच सर्वांत भक्कम, कारण कब्जा होता हे खात्यानेच लिहून दिलेलं असतं. त्यांच्या जोडीला बांध, विहीर, घर यांची स्थळपाहणी आणि गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब. जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, इथेच बरेच अर्ज पडतात. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळला असेल, तर वनहक्क कायद्याचे 2012 चे सुधारित नियम पुढे करून अपील लिहितात: चित्र पुरवणी पुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही.

अपिलाला मुदत 60 दिवस. क्षेत्र कमी केलं तरी अपील करता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. निर्णय तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी घ्या, मिळाल्याची तारीख टाका. मुदत उलटलेलं प्रकरण केंद्रवाले घेतात, पण वाट अवघड होते.

उणीव सामूहिक वनहक्कात आहे. नमुना क, म्हणजे ग्रामसभेचा जंगलावरचा दावा, इथे मागे पडतो. सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावची 33 गावं बाधित झाली, त्या भागात हे परवडणारं नाही. खाण किंवा रस्ता आला की पट्टेदार एकेकटे पडतात. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, तो सामूहिक हक्कांच्या बळावर. दुसरी अडचण भाषेची. पावरी, म्हणजे इथल्या आदिवासींची बोली, समजणारं माणूस दुपारनंतर नसतं, म्हणून सकाळीच पोचा.

मूळ कागद कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. बायकोचंही आधारकार्ड सोबत असू द्या: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघायला हवा.