ग्राफीन की मॉलिब्डेनम डायसल्फाइड: हार्मोनिकसाठी पहिला नमुना कोणता घ्यावा?

एक-दोन अणूंइतक्या पातळ थरावर तीव्र लेसर मारून त्यातून उच्च हार्मोनिक, म्हणजे लेसरच्या वारंवारतेच्या तिप्पट, चौपट, पाचपट असा प्रकाश काढायचा ठरला, की निवड बहुधा ग्राफीन (कार्बनचा एक अणू जाडीचा थर) आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड (मॉलिब्डेनम-गंधकाचा तसाच पातळ थर) या दोघांवर येऊन अडते. दोन्हींवर 2017 मध्येच भक्कम प्रयोग झालेत, म्हणजे ‘जमतं का?’ हा प्रश्न उरलेला नाही. रोजच्या कामात कोण कमी छळतं, एवढंच बघायचं.

ग्राफीनचा मोठा, सलग थर मिळतो. मध्य-अवरक्त लेसरचा ऐसपैस ठिपका त्यावर आरामात मावतो. गेट व्होल्टेज (थराला बाहेरून दिलेला विद्युतदाब) देऊन निदान तिसरा हार्मोनिक कमी-जास्त करता येतो. वायूतून हार्मोनिक काढताना लेसरला लंबवर्तुळाकार ध्रुवीकरण दिलं (म्हणजे त्याचं विद्युत क्षेत्र सरळ रेषेत न डोलता लंबवर्तुळात फिरवलं) की हार्मोनिक मरतात. ग्राफीनमध्ये ठरावीक लंबवर्तुळतेला काही हार्मोनिक उलट वाढतात. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू! आणि टेराहर्ट्झमध्ये काम असेल तर पुढे वाचूच नका. 2018 मध्ये खोलीच्या तापमानालाच सातव्या हार्मोनिकपर्यंत मजल गेली होती.

मला नडली ती थराखालची आधाराची चकती, म्हणजे सफायर. ग्राफीनमध्ये व्युत्क्रम सममिती (केंद्रातून उलटवलं तरी रचना तीच राहणं) असल्याने फक्त विषम हार्मोनिक मिळतात, आणि सफायरही विषमच देतो. तीव्रता वाढवली की स्पेक्ट्रममधलं शिखर थराचं की चकतीचं, हा वाद दर वेळी नव्याने. ठिपका थराबाहेर न्या, मोजा, परत आणा. तोवर लेसर जरा सरकलेला. शिवाय दोन्हीकडच्या प्रकाशाचं आपसात व्यतिकरण होतं, म्हणजे सरळ वजाबाकीही धड लागू नाही. कुणाला हे चालत असेल. माझा संयम तेवढा नाही.

एकथरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ती सममितीच नाही, त्यामुळे सम हार्मोनिकही येतात. चौथा दिसला की तो थराचाच, असं धरायला फारशी हरकत नसते. नेहमीच्या रचनेच्या दोन थरांत सम हार्मोनिक जवळजवळ गायब होतात, म्हणजे थर एकच आहे की दोन, याची तपासणीही आपोआप होते.

त्रास इथेही आहेच. सोलून काढलेले तुकडे ठिपक्यापेक्षा लहान निघतात. वाफेतून वाढवलेले त्रिकोणी स्फटिक उलटसुलट दिशांना असले, तर त्यांचे सम हार्मोनिक एकमेकांना खाऊन टाकतात. आणि 4 मायक्रॉनच्या लेसरचा सहावा हार्मोनिक 667 नॅनोमीटरला, म्हणजे नेमका पदार्थाच्या स्वतःच्या प्रकाशदीप्तीवर (लेसर पडल्यावर पदार्थ स्वतःच्या ठरावीक रंगात जो प्रकाश देतो त्यावर) जाऊन बसतो. यावर उपाय सोपा वाटला: लेसर 3.6 मायक्रॉनवर आणला की पाचवा 720 ला, सहावा 600 ला, आणि दीप्ती त्यांच्या मधोमध वेगळी पडते.