इंग्लंडमध्ये मानसिक इजेची भरपाई: स्वतः अपघातात सापडलेला आणि अपघात पाहणारा

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे जडलेल्या मानसिक आजाराची भरपाई इंग्लंडमध्ये मागायची असेल, तर घटनेच्या वेळी आपण नेमके कुठे होतो, स्वतः धोक्यात की दुसऱ्याचे संकट पाहणारे, हे आधी निश्चित करावे. कारण दाव्याचे भवितव्य आजाराच्या तीव्रतेपेक्षा या उत्तरावर अधिक अवलंबून असते. निदान झालेला मानसिक आजार मात्र दोन्ही मार्गांत लागतोच. नुसत्या शोकाला किंवा भीतीला भरपाई नाही.

जो स्वतः धोक्यात होता, त्याची वाट पुष्कळच सोपी आहे. पेज विरुद्ध स्मिथ या १९९५ च्या निकालातील वादीला मोटारींच्या टकरीत शारीरिक इजा झाली नव्हती, पण थकव्याचा जुना विकार बळावला. शारीरिक इजेची शक्यता आधी दिसण्याजोगी होती एवढे पुरे, मानसिक इजेची पूर्वकल्पना वेगळी सिद्ध करण्याची गरज नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ठरवले.

दुसऱ्यावर ओढवलेले संकट पाहून जो आजारी पडला, त्याला मात्र १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर (फुटबॉलच्या मैदानातील जीवघेणी चेंगराचेंगरी) अल्कॉक खटल्यात घातलेल्या अटी ओलांडाव्या लागतात: बळीशी प्रेमाचे निकटचे नाते, घटनास्थळी किंवा लगेचच्या परिणामांच्या वेळी उपस्थिती, आणि घटना स्वतःच्या डोळ्याकानांनी अनुभवणे. टीव्हीवर पाहणाऱ्यांचे दावे फेटाळले गेले. सुमारे आठ तासांनी शवागारात मेहुण्याचा मृतदेह ओळखणाऱ्याचाही. आईवडील व मुले, पती-पत्नी यांच्यातील जिव्हाळा न्यायालय गृहीत धरते, भावाभावांतला पुराव्याने दाखवावा लागतो. दोन भाऊ गमावलेला, स्वतः मैदानात हजर असलेला माणूस याच पुराव्याअभावी हरला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी माणसाला हे खटकेल, आणि मलाही ते खटकते.

घटना रुग्णालयातील हलगर्जीपणाची असेल, तर हा दुसरा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. पॉल खटल्यात दोन लहान मुलींनी वडिलांना रस्त्यात हृदयविकाराने कोसळताना पाहिले होते. चौदा महिन्यांपूर्वी रुग्णालयाने निदानात कसूर केली, असा आरोप होता. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी दावा नाकारला: नातेवाइकाने पाहिलेला प्रसंग अपघात असावा लागतो, आजाराने आलेला मृत्यू अपघात नव्हे. अशा कुटुंबांनी १९७६ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालील शोकभरपाईचा विचार करावा. तिथे मानसिक आजार सिद्ध करावा लागत नाही, परंतु मे २०२० पासूनच्या मृत्यूंसाठी ती १५,१२० पौंड इतकीच ठरलेली आहे, आणि प्रौढ मुलाच्या मृत्यूबद्दल आईवडिलांना ती मिळत नाही.

मानसिक इजेच्या दोन्ही दाव्यांना मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे, ती इजा झाल्यापासून किंवा तिची जाणीव झाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तिथून मोजतात. म्हणून डॉक्टरांकडील पहिल्या भेटीची नोंद जपून ठेवावी.